विहिणींची होडी

मुरूडला चहाला थांबायचं, हे गौरीने नागावहून निघतानाच ठरवून टाकलं होतं. दोन्ही गाड्यांतली माणसं एका टेबलाशी बसली, चार शब्द बोलली, की आगरदांड्याची फेरीबोट पकडून हरिहरेश्वरला पोचेपर्यंत लग्नाचा घोळ मिटलेला असेल, अशी तिची समजूत. कुलदैवतासमोर नारळ ठेवायचा तो सगळ्यांनी हसत्या तोंडाने.

गोदावरीला लेकीइतकी खात्री नव्हती. दिवाळीत गौरी आणि निकेतचं लग्न पक्कं झालं, तेव्हापासून दोन्ही घरची माणसं जितक्यांदा भेटली, तितक्यांदा निरोप घेताना शरच्चंद्र टिल्लूंचा चेहरा मिटलेला होता. नवऱ्याचा तो मिटलेला चेहरा तिच्या चांगल्या ओळखीचा. जिल्हा न्यायालयातून नाझर म्हणून निवृत्त झालेला माणूस. आवाज चढवायचा नाही, शब्द वाया घालवायचा नाही, आणि एकदा मन मागे फिरलं की फिरलं. पुण्याला असलेला थोरला मुलगा सलिलही फोनवर बापाचीच री ओढायचा. म्हणायचा, लग्न साधंच होऊ दे, नाहीतर राहू दे.

आणि टेबलाच्या पलीकडे दत्तात्रेय गावंड. उरणकडचे. वाडवडिलांची मिठागरं होती, ती गेल्यावर ट्रेलरच्या धंद्यात उतरले आणि नाव काढलं. त्यांचं सगळंच ऐसपैस. गाडी मोठी, हाताचे पंजे मोठे, आणि आवाज तर एवढा की समुद्राकडे तोंड करून बसलेल्या बाकीच्या गिऱ्हाइकांनी माना वळवल्या.

“माझा एकच पोर हाय, टिल्लूसाहेब,” ते म्हणत होते. “सगला गाव जेवला पाहिजे. हलद झाली पाहिजे, बँड लागला पाहिजे. लोकांनी काय बोलाचा, दत्ताशेठनी पोराचा लगीन चोरून केला?”

शरच्चंद्र बशीकडे बघत हळू आवाजात म्हणाले, “आमच्या वाडीत मांडव घालू. जवळची माणसं. दुपारी जेवण, संध्याकाळी पाठवणी. यात चोरून काय आहे?”

“काय बोलले?” दत्तात्रेयांनी निकेतला विचारलं, आणि मग थेट शरच्चंद्रांनाच. “असा तोंडातल्या तोंडात काय बोलता? आमच्याशी बोलाचा नसल तर तसा सांगा.”

“बाबा, हळू ना जरा,” निकेत म्हणाला.

“मी हळूच बोलतंय.”

शरच्चंद्रांनी कप खाली ठेवला. रुमालाने ओठ टिपले. “गौरी, आपण इथूनच परत फिरू. माझ्यावर भर रस्त्यात कुणी ओरडावं, हे मला चालायचं नाही.”

गौरीने आईकडे पाहिलं. लहानपणी गुडघा फुटला की बघायची तसं. निकेत उठून उभा राहिला आणि मग उभं राहून काय करायचं ते न सुचल्यामुळे पुन्हा बसला. त्या क्षणी गोदावरीला वाटलं, आता हे लग्न मोडतंय. भांडण नाही, शिव्या नाहीत, एका चहाच्या टेबलावर नुसतं विरघळून जातंय.

तिने विहीणबाईंकडे वळून पाहिलं, तर खुर्ची रिकामी. सोनूबाईंचा चहा तसाच होता आणि त्या रस्ता ओलांडून पुळणीवर पोचल्या होत्या. चपला हातात, अबोलीचा गजरा वाऱ्यावर हलतोय. गोदावरी उठली आणि त्यांच्या मागे गेली.

सोनूबाईंनी तिला येताना पाहून जागा करून दिल्यासारखं एक पाऊल बाजूला घेतलं, जणू समुद्र त्यांच्या ओटीवर होता.

“त्या दोघांचा चालू दे,” त्या म्हणाल्या. “ताई, तो पाण्यात दिसतो, तोच का जंजिरा?”

“तो पद्मदुर्ग. जंजिरा तिकडे खाली, राजपुरीच्या समोर.”

“तुम्ही आतमदी जाऊन बघलाय?”

गोदावरीला हसू आलं. “कितीदा तरी आलेय इथे. शाळेच्या सहली आणल्या, सासरची माणसं आणली, पुण्याचे पाहुणे आणले. सगळे होडीत बसून किल्ल्यात जायचे आणि मी धक्क्यावर पिशव्या सांभाळायची. कुणीतरी सांभाळायला हव्यात ना.”

“मी तर होरीत कवा बसलीच न्हाय,” सोनूबाई म्हणाल्या. “मिठागरावर जन्मली. भरतीचा पानी आत घ्याचा, उन्हात सुकवाचा, मीठ ओढाचा. जन्मभर खारा पानी पायाशी, पन त्याचे वरती कवा गेली न्हाय. यांना बोलली की बोलतात, तुला भोवल येईल.”

मागून दत्तात्रेयांचा आवाज इथवर येत होता. शरच्चंद्रांचा येत नव्हता, पण त्यांच्या पाठीच्या ताठपणावरून गोदावरीला तोही ऐकू येत होता.

“चला जाव,” सोनूबाई म्हणाल्या.

“कुठे?”

“आतमदी.”

गोदावरीने आयुष्यात पुष्कळ गोष्टी केल्या होत्या, पण विचारल्याशिवाय क्वचितच. आधी सासूबाईंना विचारायचं, मग यांना, आणि अलीकडे मुलांना. आत्ता विचारायला वळावं तर टेबलाशी दोन म्हातारे दोन दिशांना तोंडं करून बसलेले. तिने वाळू झटकून चपला पायात सरकवल्या आणि रस्त्यावरून जाणाऱ्या रिक्षाला हात केला.

रिक्षा सुटली तशी तिने गौरीला फोन लावला. “आम्ही दोघी राजपुरीला चाललोय. किल्ला बघायला.”

“आई, इथे बाबा परत जायचं म्हणतायत.”

“जाऊ देत ना. फक्त बायको जंजिऱ्यात आहे म्हणावं. तिला सोडून परत जायचं असेल तर खुशाल जा.”

सोनूबाईंनी तोंडाला पदर लावला. त्यांचं सगळं अंग हसण्याने हलत होतं.

राजपुरीच्या धक्क्यावर शिडाच्या होड्या एकमेकींना टेकून डोलत होत्या. होडीत बसणं सोपं गेलं, कारण गर्दीने ढकलूनच बसवलं. पण शीड भरलं आणि धक्का मागे सरला, तशी सोनूबाईंनी गोदावरीचा हात धरला आणि सोडलाच नाही. बांगड्यांच्या कडा मनगटात रुतत होत्या. काळे तट जवळ येत गेले. सरळ पाण्यातून वर आलेले, आणि दरवाजा कुठेच दिसेना.

“आत जाचा कुठून?” सोनूबाईंनी विचारलं.

“दिसेल आता, मावशी,” सुकाणूवरचा होडीवाला म्हणाला. “अगदी समोर जाईपर्यंत दरवाजा दिसायचा नाही. तसाच बांधलाय.”

होडी वळली आणि दरवाजा खरंच समोर आला, पण त्याच्या अलीकडे पायऱ्या होत्या. ओल्या, हिरवट. होडी लाटेबरोबर वर जायची, पायऱ्यांना टेकायची आणि पुन्हा खाली जायची. होडी वर असेल तोवर पाऊल टाकायचं. पायरीवर उभे असलेले दोघे जण हात पुढे करून एकेकाला ओढून घेत होते. तरुण पोरं हसत उड्या मारून गेली.

गोदावरीचे गुडघे गेल्या पावसाळ्यापासून कुरकुरत होते. देवळाच्या पायऱ्यासुद्धा ती कठडा धरून चढायची. खालच्या पाण्याकडे बघितलं आणि तिला वाटलं, पिशव्या सांभाळणंच बरं होतं. मागे सोनूबाई मटकन फळीवर बसल्या होत्या. “ताई, माझे पाय न्हाय उचलत. तुम्ही जा. मी बसते हिथंच.”

हे वाक्य गोदावरीने स्वतः इतक्यांदा म्हटलं होतं की दुसऱ्याच्या तोंडून ऐकताना तिला त्याचा रागच आला.

“बसायचं नाही,” ती म्हणाली. “आधी मी जाते. मग मी तुम्हाला हात देते.”

“लाट वर येऊ द्या,” पायरीवरचा माणूस म्हणाला. “हं, आता.”

तिने पाऊल टाकलं. क्षणभर खाली काहीच नव्हतं, मग दगड होता, आणि दंडाला दोन घट्ट हात. ती उभी होती. गुडघ्यांनी तक्रार केली नाही. तिने वळून हात लांब केला, आणि पुढच्या लाटेला सोनूबाई डोळे मिटून, तोंडाने देवाचं नाव घेत, जवळजवळ तिच्या अंगावरच आल्या. दोघी भिंतीवर आदळल्या, सावरल्या, आणि मग हसत सुटल्या. मागची माणसं खोळंबली होती. या हसतच होत्या.

आत त्या घाईने काही पाहिलं नाही. गोड्या पाण्याचं तळं बघितलं. एका तोफेच्या तापल्या पाठीवर हात ठेवून बघितला. मग तटाच्या सावलीत, समुद्र दिसेल अशा जागी पाय पसरून बसल्या.

“ताई, एक बोलू?” सोनूबाई म्हणाल्या. “बँड त्यांना पायजे. मना न्हाय. मना माझे धवले पायजेत.”

गोदावरीला शब्द ऐकून माहीत होता, अर्थ पुरता नव्हता. सोनूबाईंनी सांगितला. त्यांच्याकडे लग्नात धवलारीण असते. ती मांडवात बसून गाते, हळदीपासून वरातीपर्यंत. प्रत्येक विधीचं गाणं वेगळं. भटजी असो नसो, धवल्याशिवाय लग्न लागलं असं म्हणत नाहीत. सोनूबाई त्यांच्या आईकडून शिकल्या होत्या. आसपासच्या गावांतली किती लग्नं त्यांच्या गळ्यावर लागली होती.

“दुसऱ्यांचे पोरांची लग्नां गाऊन गाऊन लावली. आता माझा पोर. तुमचे वाडीत भटजी मंत्र बोलल, मी कोपऱ्यात बसायची नवी साडी नेसून. ता आठवला की रातचा जेवन जात न्हाय. पन मी कोनाला बोलली न्हाय. शिकलेली मानसं, हसतील वाटला.”

“म्हणा ना,” गोदावरी म्हणाली.

“हिथं?”

“इथे कोण आहे आपलं?”

सोनूबाईंनी घसा साफ केला आणि समुद्राकडे बघत, आवाज न चढवता सुरू केलं:

“मांडवाचे दारी गो मिठाचं मोती,
नागावची लेक आयली घराची गो ज्योती.”

आवाज सरळ आणि जाड होता, जुन्या सुती साडीसारखा. शब्द तिथल्या तिथे जुळवलेले होते हे कळत होतं, आणि त्यांत गौरी होती. गोदावरीचे डोळे भरून आले. ती पुसत बसली नाही. त्याऐवजी, इतकी वर्षं जे कुणालाच सांगितलं नव्हतं, ते तिने सांगितलं.

“सोनूताई, आमच्या यांना ऐकू येत नाही. निवृत्त झाल्यापासून कमी कमी होत गेलंय. मशीन लावायला तयार नाहीत. मुलांनासुद्धा माहीत नाही. ओठांकडे बघून समजून घेतात, बाकीचे हसले की हसतात. गर्दीत तर काहीच कळत नाही त्यांना. म्हणून त्यांना मोठं लग्न नको. हजार माणसं भेटायला येणार, काहीतरी बोलणार, आणि आपण मुलीचे वडील म्हणून चुकीची उत्तरं देणार. त्याची भीती वाटते त्यांना. तुमच्या माणसांना कमी लेखत नाहीत हो ते.”

सोनूबाईंनी कपाळावर हात मारून घेतला.

“अगो बाय. आणि आमचे यांचा उजवा कान कवाच जेलाय. इंजिनापाशी उभे राहून राहून. सोताचा आवाज सोताला येत न्हाय, म्हनून वरडतात. तुमचे यांना वाटला, यो मानूस अंगावर येतोय. आणि आमचे यांना वाटला, यो सायेब आमच्याशी नीट बोलत पन न्हाय.”

दोघींनी एकमेकींकडे पाहिलं. मघाचं चहाचं टेबल दोघींनाही नव्याने दिसलं असावं, कारण आधी सोनूबाईंना हुंदक्यासारखं हसू फुटलं आणि मग गोदावरीला. पोटात दुखेपर्यंत.

“पन मी तुमचे यांचा बोलनार न्हाय,” हसू ओसरल्यावर सोनूबाई म्हणाल्या. “ता त्यांचा त्यांनी बोलाचा.”

त्याच सुमारास पुढची होडी दरवाज्याला लागली. गोदावरीने तटावरून वाकून पाहिलं. नारिंगी जाकीट घातलेले शरच्चंद्र होडीच्या काठाशी उभे होते, एका हाताने चष्मा धरून. त्यांच्या पुढे दत्तात्रेय आधीच पायरीवर चढले होते आणि आपला मोठा पंजा त्यांच्यापुढे धरत होते. शरच्चंद्र पंजाकडे बघत राहिले. एक लाट गेली. दुसरी आली. तेव्हा त्यांनी हात धरला आणि दत्तात्रेयांनी त्यांना पोतं उचलावं तसं अलगद वर घेतलं. मागून गौरी आणि निकेत आले.

वर पोचेपर्यंत शरच्चंद्रांना धाप लागली होती. “गोदा, हे काय वय आहे का?”

“हेच आहे,” ती त्यांच्यासमोर येऊन, ओठ नीट दिसतील अशी उभी राहून म्हणाली. “पुढच्या वर्षी गुडघे ऐकायचे नाहीत.”

दत्तात्रेय मात्र होडीतला विषय इथेही घेऊनच आले होते. वारा सोसाट्याचा होता, त्यामुळे आवाज आणखी चढला. “टिल्लूसाहेब, मी तुमाला सरल इचारतंय. आमचे लोक तुमचे दारात आले तर तुमाला लाज वाटल का?”

शरच्चंद्र त्यांच्या उजव्या बाजूला उभे होते. त्यांनी फक्त चढलेला आवाज आणि लाल झालेला चेहरा पाहिला आणि मान दुसरीकडे फिरवली. “या सुरात मी काही बोलणार नाही,” ते पुटपुटले.

“बघा. परत तोंडातल्या तोंडात.”

निकेत बापाचा दंड धरायला पुढे झाला. गौरीचा चेहरा रडवेला झाला होता. तेव्हा सोनूबाई गुडघ्यावर हात टेकून उठल्या.

“अवो, थांबा जरा. तुमचा उजवा कान जेलाय, ता सांगितलाव का यांना?”

दत्तात्रेय एवढा आडवा माणूस, पण चोरी पकडल्यासारखा दिसला.

“सांगाचा ना मग,” सोनूबाई शरच्चंद्रांकडे तोंड करून सावकाश म्हणाल्या. “भाऊ, यांना ऐकू येत न्हाय. म्हनून वरडतात. राग न्हाय त्यात. पोरीला बघून आल्यापासून घरी एकच बोलनं चालू हाय, सून आनली तर हीच.”

एवढंच बोलून त्या थांबल्या. गोदावरीला त्यांचे पाय धरावेसे वाटले.

शरच्चंद्र सोनूबाईंच्या ओठांकडे बघत होते. सगळं कळलं होतं त्यांना. त्यांनी चष्मा काढला, सदऱ्याच्या टोकाने पुसला, पुन्हा लावला. आज ते बोलले नाहीत तर कधीच बोलणार नाहीत, हे गोदावरीला ठाऊक होतं, आणि तरीही तिने त्यांच्या वतीने तोंड उघडलं नाही.

“माझे दोन्ही,” शरच्चंद्र म्हणाले.

“काय?” दत्तात्रेय म्हणाले. ते अजून चुकीच्याच बाजूला उभे होते.

शरच्चंद्रांनी एक मोठा श्वास घेतला. मग उभ्या आयुष्यात काढला नव्हता तेवढा आवाज काढून ते म्हणाले, “माझे दोन्ही कान गेलेत, दत्ताशेठ.”

तटावरचे पर्यटक वळून बघायला लागले. एका छोट्या मुलीने आईला काहीतरी विचारलं. दत्तात्रेय तोंड उघडं ठेवून उभे होते, आणि मग त्यांच्या पोटातून हसू वर आलं. मोठं, गडगडणारं. त्यांनी शरच्चंद्रांच्या खांद्यावर हात टाकला. “मग आपुन भांडत कोनाशी होतो?”

हे मात्र शरच्चंद्रांना ऐकू आलं. त्यांच्या ओठांचा कोपरा हलला.

गौरी जवळ आली. “बाबा, फोनवर तुम्ही चटकन आईकडे देता, ते यासाठी?”

“तुझा आवाज बारीक आहे,” ते म्हणाले. “फोनवर तर पोचतच नाही. काहीतरी उलटसुलट बोलण्यापेक्षा आईकडे दिलेला बरा.”

“मला वाटायचं, निकेतवरून रागावलाय माझ्यावर.” ती त्यांच्या जाकिटावर डोकं टेकून उभी राहिली. त्यांनी अवघडून तिच्या पाठीवर थोपटलं.

मग सगळे सावलीत बसले. दत्तात्रेयांनी स्वतः उठून शरच्चंद्रांना आपल्या डावीकडे घेतलं. सोनूबाईंनी निकेतच्या पाठपिशवीतून डबा काढला. तांदळाच्या भाकऱ्या आणि वालाचं बिरडं. टिल्लूंकडे मासळी चालत नाही म्हणून त्यांनी पहाटे उठून मुद्दाम वाल सोलले होते. शरच्चंद्रांनी पहिला घास घेतला आणि दुसरी भाकरी न विचारता उचलली. गोदावरीने ते पाहिलं आणि मनातल्या मनात लग्न लागलं असं समजून टाकलं.

लग्नाचं बोलणं भाकरी खाता खाता झालं. हळद गावंडांच्या गावात, सगळ्या गावासकट, बँडसकट. लग्न नागावच्या वाडीत, दिवसाउजेडी, लाऊडस्पीकर न लावता. पाहुण्यांशी बोलायचं काम पुण्याहून येऊन सलिल करेल, शरच्चंद्र नुसते हात जोडतील. “नवरीचे बापानी हात जोडले की झाला,” दत्तात्रेय म्हणाले. आणि गोदावरी म्हणाली, “मंगलाष्टकांच्या आधी सोनूताई धवले म्हणतील.”

सोनूबाई भाकरी हातात घेऊन तशाच राहिल्या.

“धवले म्हणजे काय?” शरच्चंद्रांनी विचारलं. आज पहिल्यांदाच त्यांनी न कळलेली गोष्ट विचारली होती.

“म्हणून दाखवा त्यांना,” गोदावरी म्हणाली.

सोनूबाई सरकून त्यांच्यासमोर बसल्या आणि गायल्या. शरच्चंद्रांनी उघडपणे, सगळ्यांसमोर, कानामागे तळहात धरला. किती पोचलं कोण जाणे. पण गाणं संपल्यावर ते म्हणाले, “मांडवात मला यांच्या अगदी जवळ बसवा,” आणि सोनूबाईंनी चेहरा पदरात लपवला.

होडीवाला हाका मारायला लागला तशी सगळी खाली उतरली. परतीच्या होडीत गोदावरी काठाशी बसली आणि तिने पाण्यात हात सोडला. राजपुरीच्या धक्क्यावर पाय लागतात न लागतात तोच गौरीचा फोन वाजला. पुण्याहून सलिल. सकाळपासून त्याचे किती फोन येऊन गेले होते. गौरीने फोन स्पीकरवर टाकून बापाच्या तोंडापुढे धरला.

“बाबा,” सलिल काळजीने विचारत होता, “काय ठरलं?”

“उतरलो रे, नीट उतरलो,” शरच्चंद्र मोठ्याने म्हणाले. “व्याह्यांनी हात धरला होता.”

पलीकडे सलिल गोंधळून “हॅलो? हॅलो?” करत राहिला. अलीकडे निकेत खांबाला टेकून हसायला लागला, गौरी हसता हसता खाली बसली, आणि आपण काहीतरी भलतंच उत्तर दिलंय हे ध्यानात येऊन शरच्चंद्र स्वतःही हसले, तोंड लपवायला रुमाल न काढता. दत्तात्रेय एकेकाच्या तोंडाकडे बघत होते. “काय झाला? काय बोलले?” सोनूबाईंनी त्यांना वाकवून डाव्या कानात सगळं सांगितलं, आणि बाकीच्यांचं हसू संपत आलं तेव्हा त्यांचं सुरू झालं, ते गाडीचं दार लावेपर्यंत चालूच होतं.